अभ्यासिकेतील चाळण

(मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी सातारा येथे केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आठवीचे पुस्तक हाती यायच्या आत आईच्या हाताखाली चुलीपुढे बसले, आणि पुढे लग्न होऊन कडेगाव तालुक्यातून इकडे साताऱ्यात आले. तेव्हा विद्वत्तेचे बोल माझ्याकडून ऐकायला मिळतील अशी अपेक्षा कुणी धरू नये. चिटणीसबाईंनी सांगितले, “अभ्यासिकेतल्या त्या यंत्राची सगळी खटपट तुम्ही केलीत, चूकही तुमच्या हातून झाली, तेव्हा तुम्हीच बोला.” त्यांचे म्हणणे खरे आहे. म्हणून जे केले ते आणि जे चुकले तेही मी सांगणार आहे.

आपल्या मंडळाने मुलांसाठी अभ्यासिका काढली, ती कशी उभी राहिली हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. दिवाळीचा फराळ विकला, उन्हाळ्यात पापड-कुरडया केल्या, मसाले कांडले. एका पतसंस्थेने आपले जुने संगणक बदलले, त्यांतले सहा आपल्याला स्वस्तात मिळाले. इंटरनेटचे कनेक्शन घेतले. महिनाभर मोठ्या हौसेत गेला. आणि एके दिवशी संध्याकाळी आपल्यातल्याच एका बाईंनी मागून डोकावून पाहिले, तर सातवी-आठवीतली तीन मुले पाहू नये ते पाहत बसली होती. दुसऱ्या कोपऱ्यात एक कॉलेजातला मुलगा पैसे लावून पत्ते खेळत होता. अशा खेळांपायी किती घरांत भांडी वाजली हे आपण पाहिले आहेच. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पण ही गोष्ट त्याच्या आधीची.

त्या आठवड्याच्या सभेत मोठी गडबड उडाली. कुणी म्हणाल्या, अभ्यासिका बंद करा. कुणी म्हणाल्या, पाळीपाळीने एकेकीने मुलांच्या मागे उभे राहावे. पण स्वयंपाकाच्या वेळेला मागे उभे राहणार कोण? तेव्हा मला माझ्या भाच्याची आठवण झाली. तो सांगलीला इंजिनिअरिंगला होता. त्याला फोन केला. तो म्हणाला, “आत्या, पीठ चाळतेस ना? तशी इंटरनेटला चाळण लावता येते. एक जुना संगणक मोकळा ठेव, मी रविवारी येतो.”

रविवारी तो आला. सहांपैकी एक संगणक त्याने बाजूला घेतला आणि त्यावर लिनक्स घातले. लिनक्स हे फिनलंड देशातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेले काम. पुढे जगभरच्या हजारो माणसांनी त्यात भर घातली आणि ते सर्वांना फुकट वापरायला मोकळे ठेवले. जुन्या, मंद संगणकावरही ते नीट चालते. चाळणीसाठी आपल्याला सॉफ्टवेअरपायी एक पैसाही द्यावा लागला नाही, हे हिशेबतपासनीस बाईंनी कृपया ध्यानात घ्यावे.

मी त्याच्याजवळ पाट घेऊन बसले आणि म्हणाले, “मला समजेल असे सांग, नाहीतर हात लावू नकोस.” त्याने सांगितले ते मी आपल्या भाषेत सांगते.

पूर्वी वाड्यातल्या सुना बाजारात जात नसत. काय हवे ते गड्याला सांगायच्या, तो दुकानातून आणून द्यायचा. दुकानदाराला गडी दिसे, सून दिसत नसे. प्रॉक्सी म्हणजे असा गडी. मुलांचे पाच संगणक स्वतः बाहेर जात नाहीत, ते या लिनक्सच्या संगणकाला सांगतात आणि तो आणून देतो. हे आणण्याचे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरचे नाव स्क्विड. ते १९९६ पासूनचे आहे. आणि आणलेले सामान दारातच पाहून “हे आत येऊ द्यावे की नाही” ते ठरवणाऱ्या दुसऱ्याचे नाव ई-टू-गार्डियन. याचा पूर्वज डॅन्सगार्डियन. त्याचे काम पुढे थांबले, तेव्हा इतरांनी त्यातूनच हे नवे उभे केले.

जोडणीत मुख्य गोष्ट एकच. बाहेरून येणारी तार आधी या संगणकाला लावायची, आणि मुलांच्या संगणकांची तार त्याच्याच दुसऱ्या बाजूने काढायची. म्हणजे घराला दार एकच राहते. नाहीतर मुले हुशार असतात, गड्याला टाळून मागच्या दाराने जातात. मग प्रत्येक संगणकाच्या ब्राउझरमध्ये प्रॉक्सीचा पत्ता घातला आणि पुढे ८०८० हा आकडा. तो चाळणीचा दरवाजा. चाळण पुढे ३१२८ या दरवाजाने स्क्विडला सांगते. दुपारी बारापर्यंत एवढे झाले.

आता चाळणीला भोके किती मोठी ठेवायची, हा प्रश्न आला. कोणत्या जागा वाईट हे आपण एकेक शोधत बसलो तर जन्म पुरणार नाही. पण फ्रान्समधल्या तुलूझ शहराच्या विद्यापीठाने अशा जागांच्या मोठमोठ्या याद्या केल्या आहेत. अश्लील जागांची निराळी, जुगाराची निराळी, फसवणुकीची निराळी. त्या कुणालाही घेता येतात. त्या आपण घेतल्या. तेवढ्याने बहुतेक काम झाले.

पुढे भाच्याने एक विचारले आणि तिथे आम्ही दोन सभा घातल्या. तो म्हणाला, “आत्या, हल्ली बहुतेक सगळे बंद पाकिटातून येते. पाकिटावरचा पत्ता आपल्या गड्याला दिसतो, आतला मजकूर दिसत नाही. मजकूर पाहायचा असेल तर आपण प्रत्येक संगणकाला आपलेच एक प्रमाणपत्र देऊन ठेवायचे, म्हणजे गडी पाकीट फोडील, वाचील, पुन्हा चिकटवील आणि पुढे देईल. तसे करू का?” मी विचारले, यात बँकेचे पासवर्डही आले का? तो म्हणाला, बँक वगळता येते, पण न वगळलेले सगळे आले.

पुष्कळ बायका म्हणाल्या, करा, मुलांचे भले आहे. मी मात्र नको म्हणाले, आणि का म्हणाले ते सांगते. माझ्या लग्नानंतर माहेरहून आंतर्देशीय पत्र यायचे. ते आधी बैठकीत फोडले जाई, वाचले जाई, मग स्वयंपाकघरात येई. त्यात काही वाईट असते असे नव्हे. पण आई मला जे लिहिणार ते सगळ्यांनी वाचायचे आहे हे तिला कळले, आणि तिने काही लिहिणेच सोडले. एकदा तिच्या आजारपणाचे पत्र आले. घरात लग्नकार्य होते, म्हणून ते आठ दिवस मला दिलेच नाही. कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण ते आठ दिवस मी अजून विसरलेले नाही. म्हणून मी म्हणाले, पाकिटे फोडायची नाहीत. सभेने ते मान्य केले. याचे मला समाधान आहे.

पण भगिनींनो, पाकीट फोडू नये हे मला कळले, आणि तरी त्याच दिवशी मी दुसरी चूक केली. मी म्हणाले, पाकीट फोडू नका, पण पत्त्यावर वाईट शब्द दिसला तर ते परत पाठवा. बाईच्या अंगाचे जे जे शब्द इंग्रजीत आहेत ते कॉलेजातल्या मुलींकडून मी लिहून घेतले आणि भाच्यापुढे कागद ठेवला. तो म्हणाला, “आत्या, नावातल्या अक्षरांवर जाऊ नकोस.” त्याने मला इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावाची गोष्टही सांगितली. त्या गावाच्या नावात मधली काही अक्षरे अशी जुळून येतात की एक शिवी होते. १९९६ साली तिथल्या लोकांना एका मोठ्या इंटरनेट कंपनीत नावच नोंदवता येईना, कारण कंपनीच्या यंत्राला गावाचे नाव शिवी वाटले. मी हसले आणि म्हणाले, “आपल्याकडे कुठे स्कन्थॉर्प आहे? तू घाल.” आत्या म्हटल्यावर त्याने घातले.

चाळणीची एक नोंदवही असते. कोणत्या संगणकाने कोणता पत्ता मागितला, कोणता नाकारला, हे तारीखवेळेसह तिच्यात लिहिले जाते. ती पाहायला मी शिकले, आणि खोटे कशाला सांगू, मला ती पाहण्याची चटक लागली. रोज दुपारी पान पाहायचे. आज इतके अडवले, काल तितके अडवले. धान्य पाखडल्यावर सुपातला कोंडा पाहून वाटावे तसे समाधान वाटे.

दोन महिन्यांनी एका पानावर मला दिसले की तीन नंबरच्या संगणकावरून एकाच दुपारी एकच पत्ता पाच वेळा मागितला आहे आणि पाचही वेळा नाकारला आहे. पत्त्यात माझ्या कागदावरचा शब्द होता. मी पुढे काही पाहिले नाही. सभेत उभी राहिले आणि तावातावाने म्हणाले, “पाहा, आपली चाळण काम करते आहे. पाच वेळा धडक दिली कुणीतरी. कोण आहे ते मी दाराजवळच्या वहीतली वेळ पाहून शोधून काढीन.” आपल्यातल्या काही जणींना हे आठवत असेल. काही जणी हसल्याही.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला एक जण माझ्या घरी आली. आपल्या मंडळाचीच. दार लोटून घेतले आणि म्हणाली, “ताई, वही पाहू नका. ती मीच.” आणि रडू लागली. तिला छातीत गाठ लागली होती. घरात सांगायचा धीर होईना. स्वतःचा फोन बटणांचा, मोठा फोन मुलाच्या हाती. दुपारच्या महिलांच्या वेळेत ती अभ्यासिकेत आली, मुलीकडून एकदा शिकून घेतले होते तसे शोधले, आणि स्तनाच्या कर्करोगाची माहिती देणाऱ्या एका संस्थेचे नाव पुढे आले. त्या संस्थेच्या नावातच तो शब्द. तिने बोट दाबले, पान उघडेना. पाकीट बंद असले की चाळणीला “हे का अडवले” अशी पाटीही धड दाखवता येत नाही. ब्राउझर इंग्रजीत काहीतरी निरोप देतो, एवढेच. तिला वाटले आपले चुकले. पाच वेळा केले. मग तिला आठवले की नाकारलेले सगळे वहीत उतरते आणि मी ते वाचते. ती घाबरली आणि उठून गेली. त्याला तेव्हा तीन आठवडे झाले होते. तीन आठवड्यांत ती डॉक्टरांकडे गेली नव्हती. आणि आज माझे भाषण ऐकून ती जन्मात पुन्हा अभ्यासिकेत पाऊल टाकणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. तपासण्या झाल्या. गाठ साधी निघाली. पण त्यात माझे शहाणपण काही नाही, ते तिचे दैव. नसती निघाली, तर ते तीन आठवडे मी कोठून आणून दिले असते? डॉक्टरीणबाई म्हणाल्या की छातीतल्या बहुतेक गाठी साध्याच असतात, पण साधी की नाही हे घरी बसून कळत नाही. गाठ लागली, आकार बदलला, कातडी आत ओढली गेली, बोंडातून रक्त आले, यांतले काहीही झाले तरी दुखत नाही म्हणून थांबायचे नाही. दाखवायचे. हे त्यांचे शब्द मी मुद्दाम येथे सांगते आहे, आणि त्या भगिनीने नाव न घेता सर्व सांगण्याची मला परवानगी दिली आहे. तिचे मी आपणा सर्वांच्या वतीने आभार मानते.

मी भाच्याला फोन केला. तो मला एक शब्द टाकून बोलला नाही. उलट त्याने जे सांगितले त्याने मी जास्तच खजील झाले. पाकीट उघडे असते तेव्हा ही चाळण आतल्या शब्दांना वजन देते. वाईट शब्दाला अधिक गुण, औषधपाण्याच्या शब्दाला उणे गुण. बेरीज ठरलेल्या आकड्यापुढे गेली तरच अडवते. तो आकडा लहान मुलांसाठी ५०, मोठ्या मुलांसाठी १००, त्याहून मोठ्यांसाठी १६० ठेवावा असे करणाऱ्यांनीच सुचवले होते. म्हणजे नुसता अवयवाचा शब्द आणि त्याच्या शेजारी रोगाचा शब्द, यांतला फरक यंत्र करणाऱ्याला कळत होता. मला, बाई असून, कळला नाही. त्याने तराजू दिला होता. आपण पाकीट फोडायचे नाही असे ठरवल्यावर तो तराजू आपल्याला वापरता येणार नव्हता. मग त्याच्या जागी मी नुसता शब्दांचा कागद ठेवला, तो ठेवायलाच नको होता.

आपण मग पुन्हा सभा घेतली आणि चार गोष्टी केल्या. त्या आज अभ्यासिकेच्या दारावर लिहिल्या आहेत, तरी सांगते.

पहिली. शब्दांचा कागद काढून टाकला. आता फक्त तुलूझच्या याद्या. त्यांतही चुकून काही चांगले अडकले तर त्याला सूट देण्याची वेगळी यादी आहे. चिठ्ठी टाकायची पेटी ठेवली आहे, चिठ्ठीवर नाव लिहायचे नाही.

दुसरी. सगळ्यांना एकच चाळण नाही. रव्याची चाळण वेगळी, मैद्याची वेगळी. ई-टू-गार्डियनमध्ये निरनिराळे गट करता येतात. एक नंबरचा संगणक भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे, तो मोठ्या बायकांचा. त्यावर फक्त फसवणुकीच्या जागा अडवल्या आहेत. अमेरिकेत डिसेंबर २००० मध्ये कायदा झाला की सरकारी मदत घेणाऱ्या वाचनालयांनी अशी चाळण लावावी. तो वाद त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. २००३ साली न्यायालयाने कायदा राखला, आणि त्याचे एक कारण हे की मोठ्या माणसाने मागितले तर ग्रंथपालाने चाळण काढून द्यायची सोय होती. पण मला विचाराल तर मागण्याचीच लाज वाटते अशाही गोष्टी असतात. म्हणून आपण मागायला लावलेच नाही.

तिसरी. नोंदवही सात दिवसांनी आपोआप पुसली जाते, आणि ती एकटीने उघडायची नाही. यंत्र बिघडले तरच, दोघींनी मिळून. माझ्याकडची किल्ली मी चिटणीसबाईंकडे दिली.

चौथी गोष्ट यंत्राची नाही. मुलांच्या खिशातल्या मोबाईलला आपली चाळण लागत नाही, तो आपल्या तारेने चालतच नाही. त्याचे काय करायचे? ते मी माहेराहून शिकून आले. माझ्याच कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्या गावाने ठरवले की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा वाजला की मोकळे. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे. करोनात शाळा मोबाईलवर गेली आणि मुलांचा हात मोबाईलवरून सुटेना, तेव्हाचा हा विचार. सरपंचांनी पुढाकार घेतला, गावातल्या बायका बरोबर उभ्या राहिल्या, आशाताई आणि अंगणवाडीच्या बाई घरोघर समजवायला फिरल्या. त्यात कोणाचे पाकीट फोडले नाही की नोंदवही ठेवली नाही. मुख्य म्हणजे मोठ्यांनीही आपली मालिका बंद केली. मुलाला “ठेव तो मोबाईल” म्हणायचे आणि आपण मालिकेपुढे बसायचे, हे चालत नाही.

आपल्याकडे भोंगा नाही. पण अभ्यासिकेच्या दाराशी दुरडी ठेवली आहे. आत येणाऱ्याने मोबाईल दुरडीत ठेवायचा, आणि देखरेखीला बसलेल्या बाईने आपला आधी ठेवायचा. सुरुवातीला मुलांनी कुरकुर केली. आता दुरडी भरलेली असते. आणि त्या तीन मुलांची नावे आपण कुणाला सांगितली नाहीत. त्यांना शाळेतल्या बाईंनी आणि आपल्या डॉक्टरीणबाईंनी बसवून वयात येताना काय होते ते नीट सांगितले. पाहू नये ते पाहण्यामागे पुष्कळदा कुणी न सांगितलेले जाणून घ्यायची इच्छा असते. ते आपण सांगितले नाही तर दुसरा कुणीतरी वाईट रीतीने सांगणारच.

सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ साली आपल्याच जिल्ह्यातल्या नायगावचा. बाईने वाचू नये, वाचले तर ती बिघडेल, असे म्हणणाऱ्या लोकांपुढे त्यांनी शाळा चालवली. त्या लोकांनाही वाटत असेल की आपण घराचे भलेच करतो आहोत. माझ्या हातातला तो कागद मला आठवतो, आणि वाटते, भल्यासाठी म्हणून दार लावताना आत कोण राहिले हे आधी पाहावे.

चाळण हवीच. दळण जसेच्या तसे कुणी मळत नाही. लहान मुलांना जुगार आणि घाण यांपासून राखणे हे आपले काम आहे आणि ते आपण सोडणार नाही. पण चाळल्यावर चाळणीत काय उरले ते एकदा हाताने पाहावे, त्यात कोंड्याबरोबर कधी चांगला दाणाही अडकतो. मी तो न पाहता उकिरड्यावर टाकायला निघाले होते.

पुढच्या महिन्यात डॉक्टरीणबाई पुन्हा येणार आहेत. स्वतःची छाती स्वतः कशी तपासावी हे त्या दाखवतील. त्या दिवशी सर्वांनी यावे, सुनांना आणि लेकींनाही आणावे, अशी माझी विनंती आहे. आणि ज्या कुणाला अभ्यासिकेचा सर्व्हर कसा चालतो ते शिकायचे असेल तिने गुरुवारी दुपारी माझ्याकडे यावे. सातवीवालीला आले ते आपणा सर्वांना येईल.

माझे बोलणे लांबले. चुकले-माकले असेल ते पोटात घालावे.